उरलेल्या औषधांचें काय करावें?

घरोघरीं एक डबा असतो. कोठें तो पत्र्याचा असतो, कोठें प्लास्टिकचा, कोठें नुसती कापडी पिशवी खुंटीस टांगलेली असते. परंतु आंत जें असतें तें सर्वत्र सारखेंच. अर्धवट कापलेलीं गोळ्यांचीं पाकिटें, तळाशीं घट्ट झालेली खोकल्याच्या औषधाची बाटली, कोणाच्या तरी शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या मलमपट्ट्या, आणि घडी घालघालून पिवळी पडलेली डॉक्टरांची चिठ्ठी. हा डबा कोणी रिकामा करीत नाहीं. औषध महाग आहे, तें घामाच्या पैशानें घेतलेलें आहे, आणि आपल्या दुष्काळी मुलुखांत वाढलेल्या मनुष्याचा कोणतीहि वस्तु फेंकतांना हात अडखळतो. सांडलेला ज्वारीचा दाणा वेंचून घेणाऱ्या आयांच्या हाताखालीं आम्ही सर्व वाढलों. तेव्हां गोळी टाकून देणें आम्हांस पाप वाटतें यांत नवल नाहीं. मग एखादे दिवशीं शेजारी येतो, अंगांत कसकस आहे असें म्हणतो, आणि डबा उघडतो. या उघडण्याविषयींच विद्यार्थ्यांशीं व त्यांच्या पालकांशीं चार शब्द बोलावयाचे आम्हीं योजिलें आहे. तें बोलण्याचा अधिकार आम्हांस आमच्याच एका चुकीनें मिळाला, हें आरंभींच सांगून टाकलेलें बरें.

आमचे वडील वारले तेव्हां त्यांच्या उशाजवळच्या डब्यांत पुष्कळ औषधें उरलीं होतीं. रक्तदाबाचीं, मधुमेहाचीं, हृदयाचीं. कांहीं पाकिटें तर उघडलेलींहि नव्हतीं. महिन्याचीं औषधें सोलापुराहून एकदम आणण्याची आमच्या घरची रीत होती, आणि शेवटची खेप त्यांच्या मृत्यूपूर्वीं आठच दिवस झाली होती. पुढें पंधरा दिवसांनीं आमच्या मंडळींतील एक वृद्ध गृहस्थ समाचारास आले. त्यांसहि साखरेचा विकार. बोलतां बोलतां त्यांनीं सहज सांगितलें कीं, त्यांच्या गोळ्या संपून चार दिवस झाले आहेत, आणि पुण्यास असलेल्या मुलाचे पैसे आले म्हणजे त्या आणतां येतील. आम्हीं डबा उघडला. गोळीचें नांव तेंच निघालें. तीन पाकिटें आम्हीं त्यांच्या हातावर ठेविलीं. आणि खरें सांगावयाचें तर त्या रात्रीं आम्हांस समाधानाची झोंप लागली. वडिलांच्या मागें त्यांचें औषध कोणाच्या तरी कामीं आलें असें वाटलें.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं ते गृहस्थ आपल्या शेताच्या बांधावर घामाघूम होऊन पडलेले सांपडले. गोळीचें नांव तेंच होतें, परंतु मात्रा त्यांच्या नित्याच्या गोळीच्या चौपट होती. नांवापुढचा तो लहानसा अंक आम्हीं वाचलाच नव्हता. त्यांतून आदल्या रात्रीं ते धड जेवले नव्हते. ग्रामीण रुग्णालयांत शिरेंतून ग्लुकोज दिल्यावर ते शुद्धीवर आले. परंतु या जातीच्या गोळीचा अंमल फार वेळ टिकतो, म्हणून त्यांस दोन दिवस तेथेंच ठेवून घ्यावें लागलें. डॉक्टरांनीं आम्हांस एकच प्रश्न विचारिला: “या गोळ्या यांना कोणीं लिहून दिल्या?” आम्ही पदवीधर मनुष्य, मुलांस दररोज प्रश्न विचारणें हाच आमचा व्यवसाय; पण त्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं. म्हातारबोवा मात्र खाटेवरूनच म्हणाले, “गुरुजींनीं माझ्या भल्यासाठींच दिल्या होत्या.” डॉक्टरांच्या प्रश्नाहून हें वाक्य आम्हांस अधिक बोंचलें.

आमची चूक केवळ अंक न वाचण्याची होती काय? पुष्कळ दिवस आम्ही तसेंच मानीत होतों. परंतु विचार करितां दिसून आलें कीं, चूक त्याहून खोल होती. आम्हीं औषधास धान्याच्या पंक्तीस बसविलें होतें. पायलीभर ज्वारी आमच्या कणगींत उरली तर ती शेजाऱ्याच्या घरींहि ज्वारीच राहते; त्याच्या मुलाबाळांचें पोट तिनें तसेंच भरतें. औषधाचें तसें नाहीं. डॉक्टरांनीं जी गोळी लिहून दिली तिच्यांत तीन गोष्टी गुंतलेल्या असतात. एक ती गोळी. दुसरी, हा रोग याच मनुष्यास आहे व त्याचें मूत्रपिंड, वय, इतर औषधें पाहतां इतकीच मात्रा त्यास सोसेल, हा निर्णय. आणि तिसरी, कांहीं विपरीत घडल्यास पुन्हां पाहीन, ही जबाबदारी. आम्हीं त्या वृद्धास तिघांपैकीं पहिलीच दिली. राहिलेल्या दोहोंवर आमची मालकी कधींच नव्हती. त्या आमच्या वडिलांपुरत्या होत्या व त्यांच्याबरोबर संपल्या.

कायदाहि हेंच सांगतो, जरी आम्ही तो वाचीत नाहीं. पाकिटाच्या कडेस जी तांबडी उभी रेघ असते तिचा अर्थ, हें औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकूं नये, असा आहे. १ मार्च २०१४ पासून तर क्षयरोगावरील औषधें व कित्येक प्रबळ प्रतिजैविकें यांसाठीं दुकानदारानें निराळी नोंदवही ठेवावी, तींत रोग्याचें व डॉक्टरांचें नांव लिहावें, असा निर्बंध झाला. दुकानदारानें पैसे घेऊन जें करूं नये, तें आम्ही फुकट दिलें म्हणून निर्दोष कसें ठरेल?

येथें आणखी एक प्रश्न आहे, आणि तो डबा उघडणाऱ्या प्रत्येकानें प्रथम स्वतःस विचारावा. हें औषध उरलें कसें? रोगी वारला म्हणून उरलें, किंवा डॉक्टरांनीं औषध बदललें म्हणून उरलें, तर गोष्ट निराळी. पण आपल्या घरांतील बहुतेक शिल्लक तशी नसते. सात दिवसांच्या गोळ्या दिलेल्या असतात, तिसऱ्या दिवशीं ताप उतरतो, आणि राहिलेल्या गोळ्या “पुढच्या वेळेस होतील” म्हणून डब्यांत जातात. ही शिल्लक नव्हे. हें फेडावयाचें राहिलेलें ऋण आहे. पेनिसिलीनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं १९४५ सालीं नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानांत एका काल्पनिक गृहस्थाची गोष्ट सांगितली होती. त्याचा घसा दुखतो. तो आपल्याच मनानें थोडें पेनिसिलीन घेतो, जंतु मरण्यास पुरेसें नव्हे पण त्यांस सोसण्याची संवय लागण्यास पुरेसें. आणि तेच संवय झालेले जंतु पुढें त्याच्या पत्नीस बाधतात, तेव्हां तिच्यावर पेनिसिलीन चालत नाहीं व ती दगावते. औषध नवें होतें त्याच दिवसांत शोधकानें दिलेला हा इशारा. आज आमच्या घरांत तिसऱ्या दिवशीं थांबविलेल्या गोळ्या आम्ही पुढच्या महिन्यांत धाकट्या मुलास सर्दीसाठीं देतों. सर्दी बहुधा विषाणूंची, तिच्यावर त्या गोळीचा कांहींच अंमल नाहीं. आणि मात्रा मोठ्या माणसाची! क्षयाच्या बाबतींत तर हा खेळ फारच भयंकर आहे. सरकार सहा महिन्यांचा उपचार फुकट देतें. रोग्यास दोन महिन्यांत बरें वाटूं लागतें. तो गोळ्या सोडतो, आणि मग जो क्षय उलटतो तो पुष्कळदां त्याच औषधांस दाद देत नाहीं. सरकारी दवाखान्यांतून मिळालेलीं औषधें, ज्यांवर ‘विक्रीसाठीं नाहीं’ असा शिक्का असतो, तीं तर सर्वांच्या पैशाचीं आहेत. तीं उरलीं तर आशाताईंजवळ किंवा आरोग्य केंद्रांत परत नेऊन द्यावीं, आणि कां उरलीं तेंहि न लाजतां सांगावें.

इतकें वाचून कोणी पालक रागावून म्हणतील, “गुरुजी, हें तुमचें शास्त्र भरल्या पोटाचें आहे. ज्याच्याजवळ डॉक्टरांची फी नाहीं, एस. टी.चें भाडें नाहीं, त्यास डब्यांतील गोळीहि नाकारावयाची काय?” हा आक्षेप आम्हांस हलका वाटत नाहीं. सर्व उरलेलें औषध उकिरड्यावर टाका, असा सरसकट नियम सांगणें हाहि एक आळसच आहे. एका रोग्याच्या घरीं दोनशें रुपयांचें न उघडलेलें पाकीट पडून राहावें, आणि तेंच औषध त्याच मात्रेंत दुसऱ्यास लिहून दिलेलें असून त्यानें तें पैशाअभावीं घेऊं नये, यांत कोणता धर्म आहे? परंतु या आक्षेपाचें उत्तर डबा उघडणें हें नसून, डबा जाणत्याकडे नेणें हें आहे.

मे २०२१ मध्यें, करोनाची दुसरी लाट जोरांत असतां, मुंबईंत डॉ. मार्कस रॅनी व डॉ. रैना रॅनी या डॉक्टर पतिपत्नींनीं हेंच काम हातीं घेतलें. बरे झालेल्या रोग्यांच्या घरीं महागडीं औषधें पडून होतीं. शेजारच्या इमारतींतून तीं त्यांनीं गोळा केलीं. पहिल्या दहा दिवसांतच २० किलो औषधें जमलीं. त्यांत प्रतिजैविकें होतीं, वेदनाशामकें होतीं, जीवनसत्त्वें होतीं, तापमापकें व रक्तांतील प्राणवायु मोजणारीं यंत्रेंहि होतीं. हीं औषधें त्यांनीं हातोहात वांटलीं नाहींत. ग्रामीण भागांतील आरोग्य केंद्रांकडे जावींत अशी योजना केली. म्हणजे गोळी गरिबाकडेच जावयाची, पण पुन्हां एकदां डॉक्टरांच्या हातून. आतां त्याच महिन्यांतील दुसरें चित्र पाहा. शेजाऱ्यास ज्या गोळ्यांनीं गुण आला त्याच आपणहि घ्याव्या, असें त्या दिवसांत कितीतरी घरीं चाललें होतें, आणि त्या गोळ्यांत स्टेरॉइडहि असे. तेंच औषध प्राणवायु कमी पडलेल्या रोग्याचा जीव वांचवीत होतें, आणि साखर वाढलेल्या मनुष्यानें मनास येईल तसें घेतलें तर काळ्या बुरशीस वाट करून देत होतें. त्या बुरशीनें महाराष्ट्रांत कित्येकांचे डोळे गेले, कित्येकांचे जबडे काढावे लागले. गोळी एकच, मधला मनुष्य जाणता होता कीं नव्हता, एवढाच काय तो भेद.

आणि जाणत्यासहि पाकीट पूर्ण लागतें. आपल्याकडे दुकानांत पाकीट कापून चार गोळ्या देण्याची चाल आहे, व गरिबास ती सोयीची आहे. पण कापलेल्या तुकड्यावर कधीं नांव राहत नाहीं, कधीं मुदत राहत नाहीं. शिवाय आपल्या जिल्ह्याचा उन्हाळा! पारा चाळीस अंशांवर जातो, आणि पत्र्याच्या घरांत तर त्याहून वर. इन्सुलिनची न उघडलेली बाटली दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते. चैत्र-वैशाखांत फडताळांत राहिलेली बाटली डोळ्यांस स्वच्छ दिसली तरी तिच्यांतील गुण टिकला आहे कीं उडाला, हें पाहून सांगतां येत नाहीं. अशी बाटली दान म्हणून देणें म्हणजे दान घेणाऱ्यास आपण औषध घेत आहों असा भ्रम देणें होय.

दानाची गोष्ट निघाली म्हणून आमच्या जिल्ह्यास न विसरतां येणारा एक दिवस येथें आठवतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे, गणपतिविसर्जनाची रात्र सरत असतां, किल्लारी-सास्तूर भागांत भूकंप झाला आणि लातूर व धाराशिव या दोन जिल्ह्यांतील गांवेंच्या गांवें दगडमातीखालीं गेलीं. देशांतून व परदेशांतून मदतीचा पूर लोटला. त्या मदतीनें पुष्कळांचे प्राण वांचले, आणि तिचें ऋण आम्ही मानतों. परंतु कोणाच्या तरी अंगावरून उतरलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले व त्यांस कोणी हात लावीना, हेंहि त्या काळच्या माणसांच्या तोंडून आम्हीं ऐकलें आहे. सर्वस्व गेलेल्या मनुष्यासहि उतरलेलें नेसण्याची लाज वाटते, हें देणाऱ्यांच्या ध्यानांत आलें नव्हतें.

औषधांच्या बाबतींत असाच प्रकार त्याच्या पांच वर्षें आधीं आर्मेनिया देशांत झाला. डिसेंबर १९८८ च्या भूकंपानंतर तेथें जगभरांतून किमान ५,००० टन औषधें व वैद्यकीय साहित्य येऊन पडलें. तें नुसतें निवडावयास ५० माणसांस सहा महिने लागले. नांव सहज ओळखूं यावें अशीं त्यांत शेंकडा तीसच होतीं; कांहींची मुदत संपलेली होती; कांहीं थंडीनें नासलीं होतीं. जखमी माणसांकडे लक्ष देण्याचा वेळ डबे उघडण्यांत गेला. अशा अनुभवांवरून जागतिक आरोग्य संघटनेनें १९९६ सालीं औषधदानाचे नियम घालून दिले. एकदां रोग्यास दिलेलीं व त्याच्याकडून परत आलेलीं औषधें परदेशीं दान म्हणून पाठवूं नयेत, असें त्यांत आहे. आणि त्याच्या मुळाशीं एक तत्त्व आहे तें आम्हांस फार मोलाचें वाटतें. जें औषध देणाऱ्याच्या देशांत चालण्यासारखें नाहीं, तें घेणाऱ्याच्या देशासहि चालणार नाहीं.

हेंच माप आपल्या डब्यास लावून पाहावें. मुदत संपून चार महिने झालेलें सरबत आम्ही आपल्या मुलास देण्यास कचरतों, आणि तेंच धुणेंभांडीं करणाऱ्या बाईच्या मुलास “तुझ्या लेकराला होईल” म्हणून देतों. या देण्यांत औदार्य किती आणि घर झाडण्याची सोय किती, हें ज्यानें त्यानें आपल्या मनास विचारावें. शुभवर्तमानांत पांच हजारांच्या भोजनानंतर उरलेले तुकडे बारा टोपल्या भरून गोळा केल्याची कथा आहे, आणि उरलेलें वायां घालवूं नये म्हणून ती आम्ही मुलांस नेहमीं सांगतों. पण ते तुकडे त्याच ताज्या भाकरीचे होते जी सर्वांनीं खाल्ली होती. चांगल्या शोमरोन्याचीहि कथा सर्वांस ठाऊक आहे. त्यानें जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला तो स्वतःच्या प्रवासाच्या शिदोरींतला. आणि तेवढ्यावर न थांबतां त्यानें जखमी मनुष्यास उतारशाळेंत नेलें, पैसे मोजले, व परत येऊन पाहीन असें सांगितलें. आम्हीं आमच्या वृद्ध मित्रास तेल तेवढें दिलें, आणि घरीं येऊन झोंपलों.

औषधांवांचून इतर साहित्याची गोष्ट फार सोपी आहे. कुबड्या, चाकांची खुर्ची, वॉकर, रोग्याची खाट, हीं एकाच्या उपयोगानंतर धुवून पुसून दुसऱ्यास खुशाल द्यावीं. मोडलेल्या पायाची कुबडी घरांत दहा वर्षें पडून राहते, आणि त्याच गल्लींत कोणी तरी भिंत धरून चालत असतो. सीलबंद पट्ट्या व मोजे दवाखान्यांत नेऊन दिले तर तेथें उपयोगीं पडतात. वापरलेली सुई मात्र कोणासहि देऊं नये व उघड्यावर टाकूं नये.

उरलें तें, जें कोणासच देतां येत नाहीं. तें कोठें टाकावें? ओढ्यांत, विहिरींत किंवा गुरांच्या वाटेवर खचित नव्हे. मनुष्याच्या व गुरांच्या दुखण्यावरील डायक्लोफिनॅक या साध्या औषधानें या देशांतील गिधाडें जवळजवळ नाहींशीं झालीं. औषध दिलेलें जनावर मेलें, गिधाडांनीं तें खाल्लें, आणि त्यांचीं मूत्रपिंडें निकामी झालीं. कारण उघडकीस आलें तों फार उशीर झाला होता; २००६ सालीं गुरांसाठीं तें औषध बंद करण्यांत आलें. आमच्या लहानपणीं मेलेल्या बैलाभोंवतीं गिधाडें जमत असल्याचें वडील माणसें सांगत; आमच्या विद्यार्थ्यांनीं तीं चित्रांतच पाहिलीं आहेत. केरळांत कोझिकोड येथें २०२५ सालीं औषध नियंत्रण खात्यानें घरोघरचीं निरुपयोगी औषधें गोळा करून शास्त्रीय रीतीनें जाळण्याची योजना सुरू केली. आपल्या गांवांतून तशी पेटी आमच्या पाहण्यांत आलेली नाहीं. ती यावी म्हणून आमच्या पालकांनीं नगरपालिकेस व ग्रामसभेस अर्ज करावा अशी आमची सूचना आहे. चिठ्ठी लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीं व विकणाऱ्या दुकानदारांनींहि यांत हात दिला पाहिजे, कारण शिल्लक निर्माण होण्यास तेहि कांहीं अंशीं कारण असतात. पंधरा दिवसांचें पुरे असतां महिन्याचें कां घ्यावें? तोंपर्यंत गोळ्या पाकिटांतून काढून राखेंत किंवा मातींत कालवाव्या, पिशवींत बांधून घंटागाडींत टाकाव्या, आणि बाटलीवरील रोग्याचें नांव खोडावें. कर्करोगाच्या रोग्यासाठीं आणलेलीं मॉर्फिनसारखीं औषधें मात्र एक दिवसहि घरांत न ठेवतां, जेथून आणलीं तेथेंच परत द्यावीं.

विद्यार्थ्यांसाठीं एकच गोष्ट, आणि ती आम्हीं वर्गांत स्वतः पाहिलेली. परीक्षेच्या दिवसांत एखादीचें डोकें दुखतें, आणि मैत्रीण दप्तरांतून गोळी काढून देते. देणारीच्या मनांत मायाच असते. परंतु एकाच गोळीनें एकीचें डोकें थांबतें तर दुसरीच्या अंगावर गांधी उठून घसा सुजतो, आणि कोणाचें काय होईल तें गोळीवर लिहिलेलें नसतें. मैत्रिणीचें डोकें दुखत असेल तर तिला हाताला धरून शिक्षकांकडे आणावें. त्यास गोळीहून अधिक वेळ लागतो, हें खरें.

आमचा डबा अजून घरीं आहे. आतां त्यांत चिकटपट्टी, तापमापक, क्षारसंजीवनीच्या दोन पुड्या आणि घरांतील चालू औषधें, इतकेंच असतें. ते वृद्ध गृहस्थहि अजून येतात. गोळ्या संपल्या म्हणजे संकोच न करितां चिठ्ठी व रिकामें पाकीट खिशांतून काढून आमच्यापुढें ठेवतात. आम्ही चष्मा लावून नांव वाचतों, अंक वाचतों, पुन्हां एकदां वाचतों, आणि दोघे मिळून दुकानापर्यंत चालत जातों. जनऔषधि केंद्रांत त्या दहा गोळ्यांस एका चहाहून फारसें अधिक पडत नाहीं. गेल्या खेपेस गोळ्यांचे पैसे त्यांनींच दिले, आणि चहाचे आम्हीं.